लेकराची गोळी दुपारीच उतरते आहे, मात्रा वाढवावी का?

बीडची आई

नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) असल्याचे निदान होऊन आठ महिने झाले. त्याआधीची दोन वर्षे आम्ही 'लेकरू वांड आहे, मोठे झाले की निवळेल' हे वाक्य इतरांकडून ऐकण्यात आणि स्वतःला सांगण्यात घालवली. पहिलीत असताना तो एके दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीवरून उडी मारून सरळ रस्त्यावर धावला आणि एसटीपासून हातभर अंतरावर थांबला. त्यानंतर मात्र आम्ही संभाजीनगरला मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी घरासाठी एक आणि शाळेसाठी एक अशा प्रश्नावल्या भरून घेतल्या, आम्हा दोघांना मुलाशी कसे बोलावे, कसे वागावे याची काही सत्रे दिली आणि मगच औषधाचा विषय काढला.

सुरुवात मिथाइलफेनिडेटच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीने, सकाळी आणि दुपारी अशी झाली. दुपारची गोळी शाळेत देण्याची जबाबदारी घेण्यास शाळेने नकार दिला, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सकाळी एकदाच घ्यायची, हळूहळू सुटणारी गोळी लिहून दिली. पहिले काही आठवडे फार चांगले गेले. त्याने सातचा पाढा एका बैठकीत पूर्ण लिहिला, ते पान मी अजून कपाटात ठेवले आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र बाई सांगतात की, सकाळी दहा-साडेदहाला तो बाहुलीसारखा गप्प बसतो, कुणाशी बोलत नाही, आणि दुपारी एकच्या सुमारास औषध घेतलेच नसावे असा वागू लागतो. रडतो, मुलांना ढकलतो. डबा तसाच परत येतो. डॉक्टर फोनवर म्हणाले की परिणाम दुपारीच संपत असेल तर मात्रेचा विचार करावा लागेल, आठ दिवसांनी या. माझे पती वाढवू या म्हणतात, सासूबाई म्हणतात की ती गोळीच बंद करा. मी नोकरीसाठी साडेआठला घर सोडते. तज्ज्ञांकडे जायचे तर एसटीने चार तास जाण्यात आणि चार येण्यात जातात, आणि हे औषध आमच्या तालुक्यात मिळतच नाही. ज्यांची मुले गोळीवर आहेत त्यांनी आपला अनुभव सांगावा.

लातूरचा बाबा

ताई, आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला सध्या अ‍ॅटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचेच दुसरे औषध चालू आहे. तुमच्या आणि आमच्या औषधाची तुलना होऊ शकत नाही हे आधीच सांगतो, कारण तुमची गोळी तासाभरात काम सुरू करते, तर आमच्या औषधाचा खरा परिणाम दिसायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत घरात आमची जी भांडणे झाली ती वेगळीच गोष्ट. हे औषध रोज घ्यावे लागते, रविवारची सुट्टी त्याला चालत नाही. आणि कॅप्सूल उघडून भुकटी देऊ नये, ती डोळ्यांत गेली तर आग होते, असे आम्हाला बजावले होते.

त्याआधी आम्हीही मिथाइलफेनिडेट देऊन पाहिले होते, परंतु मुलाला रात्री झोप येईना म्हणून ते बदलले. त्याच्या चार पट्ट्या घरात तशाच आहेत. तुमची अडचण होत असेल तर बीडच्या बसने कंडक्टरच्या हाती पाठवू शकतो, पैसे नकोत.

परभणीचा औषधविक्रेता

लातूरच्या दादांचा हेतू चांगला आहे, तरीही हे कृपया कुणीही करू नये. मिथाइलफेनिडेट हे औषध आणि सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत येते. शिवाय अमली पदार्थांसंबंधीच्या १९८५च्या कायद्याच्या मनोप्रभावी पदार्थांच्या यादीतही त्याचे नाव आहे. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक प्रत दुकानात दोन वर्षे जपून ठेवावी लागते, माल कुलूपबंद कपाटात ठेवावा लागतो आणि त्यासाठी परवानाही वेगळा लागतो. तालुक्याच्या दुकानदाराला महिन्याकाठी एक-दोन गिऱ्हाइकांसाठी हा सगळा खटाटोप परवडत नाही, म्हणून तो 'नाही' म्हणतो. बरेच पालक हे औषध 'बंद झाले' असे समजून घरी जातात, तेव्हा हा खुलासा उपयोगी पडावा. ज्या दुकानात ते मिळते तिथे गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधी फोन करून ठेवावा, आणि चिठ्ठीच्या दोन प्रती डॉक्टरांकडूनच मागून घ्याव्यात. दुसऱ्याची उरलेली पट्टी कंडक्टरच्या हाती पाठवणे बेकायदेशीर तर आहेच, पण त्या पट्टीची ताकद आणि प्रकार तुमच्या मुलाच्या गोळीसारखा असेलच असे नाही.

आता बीडच्या ताईंना एक प्रश्न. मात्रेचे डॉक्टर पाहतील, परंतु तुम्ही लिहिलेले वर्णन वाचून मला वेगळीच शंका येते. साडेआठला तुम्ही घरातून निघता, तर गोळी देते कोण, आणि मुलगा ती गिळतो कशी? अख्खी, पाण्याबरोबर?

जालन्याचा काका

मी वयाने मोठा आहे, रागावू नये. आमच्या काळी प्रत्येक वर्गात अशी चार मुले असत. मास्तर त्यांना फळा पुसायला, घंटा द्यायला, विहिरीवरून पाणी आणायला पाठवत, आणि घरी आले की शेतात पळत. पुढे त्यातली बहुतेक चांगली निघाली. सात वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर परिणाम करणारी गोळी रोज द्यायची, आणि तीही कायद्याने कुलपात ठेवावी लागते अशी, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत शिकवण्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर हा आजारही आला, असे मला वाटते.

जि. प. शिक्षिका, धाराशिव

काकांच्या बोलण्यातील एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. घंटा द्यायला पाठवणे हा उत्तम उपाय आहे आणि मी आजही तो करते. अशा मुलाला दर वीस मिनिटांनी उठण्याचे अधिकृत कारण मिळाले की त्याचाही जीव मोकळा होतो आणि माझाही. परंतु 'बहुतेक चांगली निघाली' हे आपण जी दिसली त्यांच्याबद्दल म्हणतो. जी चौथीत शाळा सोडून गेली, विहिरीत पडली, मारामारीत सापडली, त्यांची नावे आपल्याला आठवत नाहीत.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि तो आजीजवळ राहतो. शाळा तपासणीच्या पथकाने त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले होते आणि तिथून औषध सुरू झाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी होते आणि त्यातील आजारांच्या यादीत एडीएचडी आहे, हे फार थोड्या पालकांना माहीत असते. आईवडील होते तोवर औषध नियमित चालले. दिवाळीत गोळ्या संपल्या, आजीला दुकान ठाऊक नव्हते, चिठ्ठी फडावर आईच्या पिशवीत राहिली होती. तीन महिने मुलगा औषधाविना राहिला आणि शिक्षकांनी 'औषधाचा काही उपयोग नाही' असा शेरा मारला. तो शेरा मारणारी शिक्षिका मीच होते. म्हणून परभणीच्या दादांनी विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

बीडची आई

काल रात्री हा प्रश्न वाचला आणि आज सकाळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी थांबले.

गोळी सासूबाई देतात, हे मला माहीत होते. कशी देतात हे मी कधी पाहिलेच नव्हते. पहिल्या काही आठवड्यांत गोळी मी स्वतः दिली होती, तेव्हा तो कशीबशी गिळत असे. नंतर माझ्या कामाची वेळ बदलली. सासूबाईंकडे तो गोळी थुंकून टाकू लागला, म्हणून त्यांनी ती खलबत्त्यात कुटून गुळाच्या पाकात कालवून चाटवायला सुरुवात केली. आपल्याकडे लहान मुलांना सगळीच औषधे अशीच देतात, त्यांनी त्यांच्या पाचही मुलांना तशीच दिली. ती गोळी कुटायची नसते हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. म्हणजे मीच सांगितले नव्हते, कारण गोळ्यांच्या डबीवर ते इंग्रजीत लिहिलेले आहे आणि मी ते वाचून सोडून दिले होते.

सुरुवात नेमकी तीन आठवड्यांपूर्वी झाली. आठवड्याभरात आम्ही मात्रा वाढवणार होतो.

मनोविकारतज्ज्ञ, संभाजीनगर

मी या मुलाचा डॉक्टर नाही, म्हणून त्याच्या मात्रेविषयी काही लिहिणार नाही. ताईंनी आजच आपल्या डॉक्टरांना फोन करून कुटून दिलेल्या दिवसांची संख्या सांगावी आणि ते म्हणतील तसे करावे. पुढचे लिखाण सर्वसाधारण माहितीचे आहे.

साधी मिथाइलफेनिडेटची गोळी तीन ते चार तास पुरते. दिवसभराची गोळी तिच्या प्रकारानुसार आठ ते बारा तास पुरावी अशी बनवलेली असते, म्हणजे त्या एका गोळीत दोन-तीन साध्या गोळ्यांइतके औषध असते आणि गोळीची रचनाच ते हळूहळू सोडते. ती कुटली की ही रचना मोडते आणि सगळे औषध एकदम रक्तात जाते. मुलगा साडेदहाला गप्प होतो, छाती धडधडू शकते, भूक मरते, आणि एक वाजता औषध संपून चिडचिड उसळून येते. शाळेतील बाईंनी नेमके हेच चित्र सांगितले होते. अशा वेळी मात्रा वाढवली असती तर सकाळचा धक्का वाढला असता आणि दुपार तशीच राहिली असती. माझ्याकडे 'औषध चालत नाही' म्हणून येणाऱ्या पालकांना मी चिठ्ठी लिहिण्याआधी विचारतो की गोळी कोण देते, किती वाजता, खाण्याआधी की नंतर, आणि कशाबरोबर. या चार उत्तरांतच बऱ्याचदा निम्मी तक्रार सुटते. गोळी अजिबात गिळता येत नसेल तर डॉक्टर दुसरा प्रकार देऊ शकतात. काही कॅप्सूलमधील दाणे न चावता मऊ अन्नावर टाकून देता येतात, काहींचे नाही, म्हणून ते घरी ठरवू नये. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, थांबत नसलेली धडधड यांपैकी काहीही झाले तर इथे चर्चेत लिहिण्याऐवजी सरळ दवाखान्यात जावे. घराण्यात कुणी तरुण वयात हृदयविकाराने अचानक गेले असेल तर ते औषध सुरू करण्याआधीच सांगावे.

जालन्याच्या काकांना आदराने सांगतो की हे औषध शिकवण्यांच्या काळातले नाही. मिथाइलफेनिडेट १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले, आणि त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकी डॉक्टरांनी याच जातीचे दुसरे औषध चंचल मुलांना दिल्यावर ती शांतपणे अभ्यास करू लागल्याचे नोंदवले होते. काकांची शंका मात्र निराधार नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात ५७९ मुले वेगवेगळ्या उपचारांच्या गटांत विभागली होती. चौदा महिन्यांनंतर काळजीपूर्वक औषध दिलेली मुले चंचलता आणि लक्ष या बाबतीत पुढे होती, आणि औषधाबरोबर वागणुकीचे उपचारही मिळालेल्या मुलांना तुलनेने कमी मात्रा पुरली. परंतु तीन वर्षांनी गटांमधील हा फरक उरला नव्हता, आणि सतत औषध घेतलेल्या मुलांची उंची सुमारे २ सेंटीमीटरने मागे राहिली होती. म्हणूनच दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचे वजन दर तीन महिन्यांनी आणि उंची दर सहा महिन्यांनी नोंदवायची, मात्रा बदलली की नाडी आणि रक्तदाब पाहायचा, आणि औषध अजून लागते का हा प्रश्न दर वर्षी नव्याने विचारायचा. सहा वर्षांखालील मुलांत तर आधी पालकांचे प्रशिक्षणच द्यावे, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या सूचनाही सांगतात.

नांदेडची आई

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि गोळी गिळण्याचा प्रश्न आमच्याकडे दीड महिना चालला होता, त्यामुळे तेवढ्यापुरते सविस्तर लिहिते. गोळी गिळणे ही शिकवण्याची गोष्ट आहे, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. आम्ही संध्याकाळी, औषधाच्या वेळेपासून अगदी दूर, बडीशेपेची एक बारीक रंगीत गोळी जिभेवर ठेवून एका घोटात पाणी पिण्याचा खेळ सुरू केला. ती चार दिवस जमल्यावर खिचडीतला शिजलेला साबुदाण्याचा एक दाणा घेतला, तो निसरडा असल्याने पटकन उतरतो, आणि मग त्याहून थोडी मोठी साखरेची गोळी. मान मागे टाकली की गोळी उलट अडकते, सरळ बसून गिळायला सांगावे. पाण्यापेक्षा ताकाचा घोट माझ्या मुलीला सोपा गेला. मूल चिडले की खेळ त्या दिवसापुरता बंद करावा. शेंगदाणा किंवा डाळींबाचा दाणा मात्र कुणी वापरू नये, ठसका लागतो.

भुकेबद्दल सांगायचे तर डब्याशी भांडणे आम्ही सोडून दिले. सकाळी गोळीच्या आधी पोटभर खायला देतो, आमच्याकडे धपाटे आणि दही, कधी सुशीला. दुपारचा डबा अर्धा जरी गेला तरी आनंद मानतो. संध्याकाळी सहानंतर भूक परतते तेव्हा भाकरी, तूप, शेंगदाण्याची चटणी, दूध असे दोनदा जेवण होते, आणि नऊ वाजता 'आता जेवणाची वेळ नाही' असे आमच्याकडे कुणी म्हणत नाही. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. भूक नसली की मूल पाणीही मागत नाही, आणि पारा बेचाळिसावर असताना हे धोक्याचे आहे, म्हणून बाटलीवर रेघा मारून कोणती रेघ किती वाजता हे ठरवून दिले. औषधाची डबी पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नये, आतल्या सर्वांत थंड खोलीतील उंच कप्प्यात ठेवावी.

एकदा शौचात गोळी जशीच्या तशी दिसली आणि मी घाबरून रात्री डॉक्टरांना फोन केला. त्या प्रकारच्या गोळीचे नुसते कवच बाहेर पडते, औषध आत गेलेले असते. डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

जालन्याचा काका

डॉक्टरसाहेबांचे उत्तर दोनदा वाचले. दोन सेंटीमीटरचे त्यांनी स्वतःहून सांगितले, त्यामुळे बाकीच्यावरही विश्वास ठेवावासा वाटला. माझे मत पुरते बदललेले नाही. पण बीडच्या सूनबाईंच्या सासूबाईंना कुणी दोष देऊ नये, मीही गोळी कुटूनच दिली असती.

लातूरचा बाबा

पट्ट्यांविषयीचा माझा प्रस्ताव मी मागे घेतो. त्या दुकानदाराकडे परत करता येतील का, हे परभणीच्या दादांना विचारायचे होते.

परभणीचा औषधविक्रेता

विकलेले औषध पुन्हा विक्रीसाठी घेता येत नाही. पुढच्या भेटीत त्या पट्ट्या आपल्या डॉक्टरांकडे किंवा त्यांच्या रुग्णालयातील औषध विभागाकडे नेऊन विचारावे. तोवर त्या कुलपात ठेवाव्यात, विशेषतः घरात बारावीची तयारी करणारे कुणी असेल तर. जागरणासाठी ही गोळी मागायला आलेली मुले मी काउंटरवर पाहिली आहेत.

बीडची आई

सहा आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

डॉक्टरांनी त्याच दिवशी फोनवर गोळी दोन दिवस थांबवायला सांगितले आणि तिसऱ्या दिवसापासून तीच मात्रा, अख्खी गिळून, माझ्या समोर. मी सध्या पावणेआठला नाश्ता आणि आठला गोळी देऊनच निघते. दुपारी एकची रडारड पहिल्याच आठवड्यात थांबली. पाच वाजता थोडी चिडचिड होते, ती आधीपासूनच होती. त्या वेळी त्याला अभ्यासाला न बसवता सासरे शेतावर घेऊन जातात. मात्रा वाढवली नाही. वजन मागच्या महिन्यात २०.४ किलो होते, परवा २०.९ भरले. डबा अजूनही अर्धाच परत येतो.

साबुदाण्याचा खेळ सासूबाईंनीच शिकवला. आधी त्या माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. मी त्यांना 'तुम्ही चुकलात' असे म्हटले नव्हते, पण रजा टाकून उंबऱ्यात उभी राहून पाहत होते, ते त्यांना लागले असणार. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतः नातवासमोर बसून आपली रक्तदाबाची गोळी एका घोटात गिळून दाखवली आणि म्हणाल्या, आता तुझी पाळी. त्यानंतर दोघे रोज एकाच वेळी गोळी घेतात. चिठ्ठीच्या दोन्ही प्रतींची झेरॉक्स आणि दुकानाचा नंबर मी देवघराशेजारच्या कॅलेंडरला टाचून ठेवला आहे, आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : कुटायची नाही, चावायची नाही, राहिली तर दुपारी द्यायची नाही, दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत.

एक नवा प्रश्न आहे. मार्चपासून सकाळची शाळा सुरू होईल, म्हणजे साताच्या आत गोळी द्यावी लागेल आणि त्या वेळी तो काही खात नाही. ज्यांनी हे निभावले आहे त्यांनी नाश्त्याचे काय केले ते लिहावे. डॉक्टरांनाही विचारणार आहे, पण ते शेवटी विचारतील की तो सकाळी सहाला काय खाऊ शकतो, आणि ते मला आधी घरीच शोधावे लागेल.

जि. प. शिक्षिका, धाराशिव

माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या आजी त्याच्या हातात घरून निघतानाच शिळ्या भाकरीचा दूध-गुळातला काला वाटीत देत आणि तो चुलीजवळ उभ्यानेच खात असे. बसून खा म्हटले की खात नसे. तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षिकेशी बोलून पहिल्या तासाला पाच मिनिटे राजगिऱ्याचा लाडू खाण्याची परवानगी मिळते का, तेही पाहावे. मी देते.